दाबून नव्हे, धरून पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या घाटाच्या पायथ्याशी मी तीस वर्षं गॅरेज चालवलं. वर चढणाऱ्या गाड्या माझ्याकडे यायच्या त्या इंजिन तापलं म्हणून, आणि खाली उतरलेल्या यायच्या त्या ब्रेकसाठी. त्यात जुन्या जीप फार. आज एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे, कारण ती ओळखण्यात मी स्वतः एकदा चुकलो होतो. तक्रार चार शब्दांची आहे. ‘ब्रेकचं पेडल खाली जातंय.’

जानेवारी १९९९ मधली गोष्ट. स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता. वरच्या एका गावातले तात्या संध्याकाळी आपली डिझेल जीप घेऊन आले. म्हणाले, ‘‘मिस्त्री, मधूनच पेडल खाली जातंय. सकाळी माल घेऊन उतरायचंय, तेवढं बघा.’’

मी चारही ड्रम खोलून पाहिले. लायनर झिजलेले होते, पण अजून चालण्यासारखे. शू ॲडजस्ट केले. ब्रेक ऑइल थोडं कमी वाटलं, ते भरलं. मग पोराला सीटवर बसवून पेडल अगदी फळीला टेकेपर्यंत मारायला लावलं आणि चारही चाकांची हवा काढली. पेडल वर आलं, दगडासारखं घट्ट झालं. बाजारपेठेतून एक चक्कर मारली. जिथे दाबला तिथे ब्रेक लागला. तात्यांच्या हाती चावी दिली. मजुरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या क्रेट भरून घाट उतरत होते. शेजारी नातू बसलेला. एका वळणावर पुढे एस.टी. अडकलेली, तिच्या मागे रांग. तात्यांनी गाडी सावकाश उतरवत पेडलवर हलका पाय ठेवला होता. तो पाय हळूहळू खाली जाऊ लागला आणि फळीला टेकला. तात्या जुने ड्रायव्हर. त्यांनी भराभर पंप मारले, गिअर खाली टाकला, हॅण्डब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. जीप थांबली. नातवाचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं, चार टाके पडले. दुसरी बाजू दरीची होती.

दुपारी तात्या चालत गॅरेजवर आले. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुम्ही दाबून बघितला होता ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो तात्या.’’ ‘‘मग?’’

या ‘मग’चं उत्तर शोधताना मला जे कळलं, ते आज आपल्याला सांगायचं आहे. मी पेडल दाबून पाहिलं होतं, धरून पाहिलं नव्हतं.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि पुढचं ब्रेक ऑइल पाइपांतून चाकांकडे ढकलतो. चाकातल्या छोट्या सिलिंडरमधले दट्टे बाहेर येतात, शू ड्रमवर दाबले जातात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलेलो आहोत. आता थोडा हिशेब करू. समजा पायाचा जोर वीस किलोचा आहे. पेडलच्या तरफेमुळे तो सहापट झाला, म्हणजे एकशेवीस किलो. मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंच धरला तर दट्ट्याचं तोंड सुमारे पाच चौरस सेंटिमीटरचं होतं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चोवीस किलोचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती साधारण दोन किलोची. त्याच्या बारापट दाब त्या बारीक पाइपांत आणि एका रबरी वायसरवर असतो.

द्रव दाबून लहान होत नाही. म्हणून पेडल एकदा घट्ट झालं की पाय तसाच ठेवला तर ते जागच्या जागी उभं राहिलं पाहिजे. पाय न हलवता ते सरकत राहिलं, तर दट्ट्यापुढचं ऑइल कुठेतरी जातंय, याला दुसरा अर्थ नाही.

‘पेडल खाली जातंय’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात. पहिला असा : पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि वर आल्यावर तिथेच टिकतं. हे बहुधा लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढल्याचं लक्षण. शू ॲडजस्ट करून काम होतं. दुसरा : पेडल पायाखाली उशीसारखं लागतं, दाबलं की दबतं, सोडलं की उसळतं. पाइपात हवा आहे, ती काढावी लागते. तिसरा मात्र कावेबाज. पेडल वर असतं, घट्ट लागतं, झटकन दाबलं तर गाडी चाकं घासत थांबते. पण पाय ठेवून राहिलं की ते पाण्यात भिजल्या भिंतीसारखं सावकाश खचतं. तात्यांच्या जीपला हा तिसरा आजार होता, आणि मी औषध दिलं पहिल्या दोघांचं.

खरं तर तात्यांनी मला निदान सांगितलं होतं. ते ‘मधूनच’ म्हणाले होते. मी विचारायला हवं होतं, ‘‘मधूनच म्हणजे कधी, तात्या?’’ ते म्हणाले असते, ‘‘उतारावर पाय ठेवून थांबलो की.’’ तेवढ्या उत्तरावर माझं निम्मं काम झालं असतं.

आता तपासणी कशी करायची ते क्रमाने सांगतो. यातला पहिला भाग कुठल्याही गाडीमालकाला घरी करता येईल.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा. गाडीला बूस्टर असेल तर आधी पाच-सहा वेळा पेडल मारून त्यातली ओढ संपवा. मग पेडलवर हलका पाय ठेवा, रांगेत गाडी थोपवताना ठेवतो तेवढाच, आणि साठ आकडे मोजा. पाय न हलवता. नंतर पुन्हा एकदा, या वेळी जोर लावून, साठ आकडे मोजा. दोन्ही वेळा पेडल जागचं हललं नाही तर ही परीक्षा पास. सावकाश खाली गेलं तर गाडी तिथेच ठेवायची.

बूस्टरच्या गाडीत एक फसगत होते, तीही सांगून ठेवतो. पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जातं आणि थांबतं. तो दोष नव्हे, बूस्टर काम करत असल्याची ती खूण आहे. थांबतं की नाही, हे पाहायचं. थांबलं नाही तर दोष.

पेडल खचतंय हे ठरलं की दुसरा प्रश्न : ऑइल गाडीबाहेर जातंय की आतल्या आत? यासाठी ऑइलच्या डब्यावर पातळीची खूण करा. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चॅसीला बसवलेला असतो. फळीवरचं छोटं झाकण उघडल्यावर तो दिसतो. त्याचं बूच काढण्याआधी वरची धूळ नीट पुसा, नाहीतर पाहायला जाल आणि माती आत टाकाल. मग पेडल दहा-पंधरा वेळा दाबून धरा आणि पातळी पुन्हा पाहा.

पातळी उतरली असेल तर गळती बाहेर आहे, आणि बाहेरची गळती डोळ्यांना दिसते. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर ओल आहे का पाहा. ड्रम काढून चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी हळूच उचला; खाली ऑइल साठलं असेल तर तो सिलिंडर गेला. ऑइल लायनरला लागलं असेल तर लायनरही बदलावे लागतात, पुसून भागत नाही. रबरी होज पाइप जिथे वाकतो तिथे बोटाने चाचपा, भेगा आणि फुगवटा कळतो. लोखंडी पाइप जिथे चॅसीला घासतो किंवा चिखल धरून बसतो, तिथे गंज पाहा. शेवटी मास्टर सिलिंडरची मागची बाजू, जिथे पेडलचा दांडा आत जातो. तिथली रबरी टोपी ओली असेल तर मागचा वायसर गेला. बूस्टरच्या गाडीत हेच ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि डबा मात्र रिकामा होत जातो. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो थोडा पुढे ओढला की चोर सापडतो.

आणि पातळी तशीच राहिली, कुठे ओल नाही, तरीही पेडल खचतंय? मग ऑइल दट्ट्याच्या पुढून मागे, परत डब्यात चाललंय. दोष मास्टर सिलिंडरच्या आतल्या मुख्य वायसरचा.

हा वायसर समजायला सायकलचा पंप आठवा. त्यातला चामडी वायसर सुकला की काय होतं? दांडा सावकाश दाबला तर हवा कडेने मागे निसटते, टायर फुगत नाही. पण तोच दांडा झटक्याने मारला तर वायसरची कड पसरून नळीला चिकटते आणि थोडी हवा जाते. ब्रेकचंही तसंच. जोरात दाबलं की रबराची कड सिलिंडरला घट्ट बसते आणि गाडी थांबते. हलका पाय ठेवला की कडेतून ऑइल निसटतं. म्हणूनच बाजारपेठेतल्या चकरेत मला काही कळलं नाही. तिथे मी प्रत्येक वेळी झटकन ब्रेक मारत होतो. घाटातल्या रांगेत तात्यांनी हलका पाय ठेवला, आणि तिथे दोष उघडा पडला.

एवढ्यावर खात्री पटत नसेल तर शेवटची परीक्षा गॅरेजमध्ये करता येते. मास्टर सिलिंडरमधून निघणारा पाइप सोडून त्या तोंडाला नेमक्या आट्यांचा बोल्ट घट्ट बसवायचा. दोन भागांचा सिलिंडर असेल तर दोन्ही तोंडं बंद करायची. आतली हवा काढायची आणि पेडल धरून ठेवायचं. आता ऑइलला पुढे जायला वाटच नाही. तरीही पेडल खचलं, तर दोष सिलिंडरच्या पोटातच. पेडल उभं राहिलं, तर तो निर्दोष, पुढची लाइन तपासा. काही मिस्त्री होज पाइप एकेक करून चिमट्याने आवळतात. त्यानेही दोष कुठल्या चाकाकडे आहे ते कळतं, पण त्यासाठी गुळगुळीत तोंडाचा चिमटा हवा. दातेरी पकडीने जुना होज आतून चिरतो आणि एक दोष शोधताना दुसरा तयार होतो.

आता माझी दुसरी चूक. हवा काढताना मी पोराला पेडल फळीपर्यंत मारायला लावलं होतं. जुन्या गाडीत दट्ट्या रोज सिलिंडरच्या ठरावीक भागातच मागेपुढे होतो. तेवढा भाग घासून चकचकीत राहतो. त्याच्यापुढे कधी न पोचलेल्या भागात गंज आणि गाळ बसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आमच्या भागात पावसाळ्यात चार महिने ओलाव्याला तोटा नाही. आधीच दमलेला वायसर मी त्या गंजलेल्या भागावरून पन्नास वेळा फिरवला. त्याची उरलीसुरली कड मीच कापली. सिलिंडर खोलून पाहिला तेव्हा आत खड्डे होते आणि वायसरच्या कडेला किसणीवर घासल्यासारखे ओरखडे. तेव्हापासून जुन्या गाडीची हवा काढताना मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, म्हणजे ते तळापर्यंत जात नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. सिलिंडर आतून पुसा आणि नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर वायसरचं नवं किट घालून उपयोग नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच होणार. सिलिंडरच बदला. भिंत गुळगुळीत असेल तर चांगलं किट पुरतं. हे भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलमध्ये धुऊ नका. ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने रबर फुगतं आणि चारही चाकांचे वायसर एकदम निकामी होतात. धुवायला नवीन ब्रेक ऑइल वापरा. नवा सिलिंडर बसवल्यावर पेडलला थोडी मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलं जातं, ऑइल डब्यात परत येत नाही आणि ब्रेक आपोआप आवळून तापतात. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. बाहेर आलेलं ऑइल पुन्हा भरू नका.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. डॉट तीन प्रकारचं ऑइल नवं असताना किमान दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा एकशेचाळीस अंशांपर्यंत उतरू शकते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर चाकाजवळचं ऑइल एवढं तापू शकतं. त्याची वाफ होते, आणि वाफ मात्र दाबली जाते. पेडल एकदम तळाला जातं. गाडी गार झाल्यावर परत ठीक. ‘काही नव्हतं हो, आपोआप बरं झालं,’ असं म्हणणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. ते बरं झालेलं नसतं, पुढच्या उतारापर्यंत थांबलेलं असतं.

जुन्या जीपची आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने अमेरिकेच्या विलीस जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या जीप पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. यांतल्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच लाइन असायची. त्या काळची ती सर्वमान्य पद्धत होती. नंतर दोन भागांचा सिलिंडर आला. एक भाग गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. एका लाइनच्या गाडीत एक वायसर गेला की चारही चाकं गेली. अशा अनेक जीपचा हॅण्डब्रेक चाकांऐवजी मागच्या शाफ्टला धरतो आणि तारेवर चालतो. ऑइलशी त्याचा संबंध नाही. तात्यांना त्या दिवशी त्यानेच हात दिला. तेव्हा जुनी जीप वापरत असाल तर हॅण्डब्रेक आधी दुरुस्त करून घ्या.

उतारावर पेडल खचलंच, तर घाबरून पाय काढू नका. भराभर पंप मारा, थोडाफार दाब मिळतो. गिअर एकेक करून खाली आणा. हॅण्डब्रेक एकदम न खेचता चढवत न्या. डोंगराची बाजू पकडा. पण या पंपाची सवय लावून घेऊ नका, हे मला हात जोडून सांगायचं आहे. ‘दोनदा मारला की लागतो’ म्हणत वर्ष वर्ष गाडी चालवणारे लोक आहेत. पंप मारायला दोन सेकंद लागतात. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत बावीस मीटर जाते. घाटातल्या वळणावर बावीस मीटर रस्ता नसतो.

त्या जीपचा मास्टर सिलिंडर मी बदलून दिला. पैसे घेतले नाहीत. घेण्यासारखं तोंडच नव्हतं. तात्या त्यानंतरही माझ्याकडेच येत राहिले. फक्त चावी हातात घेण्याआधी ते स्वतः सीटवर चढायचे, पेडलवर पाय ठेवायचे आणि ओठांतल्या ओठांत साठपर्यंत मोजायचे. मी शेजारी उभा राहायचो. पहिल्यांदा मला ते टोचलं. मग मीच प्रत्येक गाडीला तसं मोजायला लागलो, आणि माझ्याकडे शिकलेली पोरंही मोजतात.

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी आपणही एकदा मोजून पाहा. एक मिनिट लागेल.